सोजीर आले त्या सालची

आत्याबाईच्या मतदार ओळखपत्रावर लिहिलं होतं: १ जानेवारी १९९५ रोजी वय ५०. म्हणजे जन्म १९४४-४५ चा. तिचं लग्न १९४२ साली झालं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात फोटोसाठी रांगेत बसवलेल्या बायकांचं वय नीट विचारायला कोणाला सवड नव्हती. समोरच्यानं चेहरा पाहिला आणि आकडा टाकला. कार्ड घरी आल्यावर माझ्या आतेभावानं हिशेब करून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "सोजीर आले त्या साली लगन झाला माहा. मंग लगन झाल्यावर जन्मली का मी?"

आमच्या घरात तारखा फक्त पुरुषांना होत्या. मोठे बाबा आणि माझे वडील दोघांचीही नावं नागभीडच्या शाळेतल्या दाखलखारीज रजिस्टरात आहेत. तिथल्या तारखाही मास्तरांनीच ठरवलेल्या असणार, पण निदान कोणीतरी ठरवल्या. आत्याबाई शाळेत गेली नाही, तिच्या नावावर कधी जमीन नव्हती, तिनं कधी कर्ज उचललं नाही. तिला शोधायचं तर सोजिरांच्या, म्हणजे सैनिकांच्या, मागे जावं लागतं.

सोजीर आले ते चिमूरला. सुरुवात १६ ऑगस्ट १९४२ ची. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सगळा टापू आधीच पेटलेला होता. त्या दिवशी मिरवणूक निघाली, गोळीबार झाला आणि संतापलेल्या जमावानं इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यांना ठार मारलं. ही तारीख शाळेच्या पुस्तकात आहे. आत्याबाईला मात्र तारीख माहीत नव्हती, तिला तिथी माहीत होती. "पंचमी होती. तवा ठेवाचा नव्हता चुलीवर." नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, भाजत नाहीत. दिंड उकडून खायच्या त्या दिवशी चिमूरकडून बातमी आली आणि उकडलेलं तसंच झाकून राहिलं, असं ती सांगायची. पुढे पंचांग काढून पाहिलं. त्या साली आषाढातली अमावस्या संपून चार-पाच दिवस झाले होते, पंचमीच होती. घरातल्या पोरींना काय आठवतं आणि इतिहासात काय लिहिलं जातं, यातला हा दुवा मला फार आवडतो. तव्यावरून तारीख पक्की झाली.

तीन दिवसांनी चिमुरात फौज शिरली. तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या आश्रमातले प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. नोव्हेंबरात सुरू झालेला तो उपास ६३ दिवस चालला, जानेवारी १९४३ मध्ये सुटला. वर्तमानपत्रांवर बंधनं होती, तरी बातमी देशभर गेली. नागभीडला यायला तिला वर्तमानपत्र लागत नव्हतं. तिथून चिमूर ते किती लांब! बाजाराला येणारे-जाणारे होतेच, शिवाय छोटी लाईन होती. नागपूरकडून येणारी आणि गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणारी अशा दोन्ही छोट्या गाड्या नागभीडला मिळायच्या. गाडीतून भाजीबरोबर बातमी उतरायची, आणि उतरेपर्यंत ती दुप्पट झालेली असायची.

आज्यानं या सगळ्याबद्दल आयुष्यभर एकच वाक्य उच्चारलं, म्हणे: पोरी घरात ठेवायचे दिवस राहिले नाहीत. चातुर्मासात लग्न निघत नाही, म्हणून तुळशीचं लग्न लागेपर्यंत तो थांबला. कार्तिकातल्या पहिल्याच मुहूर्तावर आत्याबाईचं लग्न उरकलं. भन्साळींचा उपास तेव्हा चालूच होता. तिला अजून पदर आला नव्हता, हे ती स्वतः सांगायची. म्हणजे दहा-अकरा, फार तर बारा वर्षांची. मुलीचं वय चौदा हवं, असा शारदा कायदा १९२९ पासून होता, पण तो आमच्या गल्लीपर्यंत आला नव्हता. १९३०-३१ चा जन्म, असं मी धरून चालतो. मोठे बाबा १९३३ म्हणायचे. त्यांचा पुरावा एवढाच की लग्नात आत्याबाई त्यांना कडेवर घेऊ शकत नव्हती!

सासर मिळालं आरमोरीला, वैनगंगेपलीकडे. वरात कशी गेली यावर घरात कधीच एकमत झालं नाही. मोठे बाबा सांगायचे, नागभीडहून छोट्या गाडीनं वडसा आणि पुढे बैलबंडी. गाडीत ते पहिल्यांदा बसले होते, त्यामुळे त्यांना दुसरं काही खरं वाटणं शक्य नव्हतं. आत्याबाईच्या म्हणण्याप्रमाणे ती गाडी पुढच्या दिवाळसणाची. लग्नाला बंड्या ब्रह्मपुरीवरून गेल्या आणि नदी डोंग्यानं ओलांडली. डोंग्यात तिनं डोळे मिटून घेतले होते, म्हणून पाणी किती होतं ते तिला सांगता येत नसे. मी तिच्या बाजूचा आहे. डोळे मिटल्याची आठवण कोणी उगाच रचत नाही.

आम्ही कोष्टी. नागभीडला आमच्याकडे सुती लुगडी निघायची, आरमोरीला कोसा. ऐनाच्या झाडावर, म्हणजे आमच्याकडच्या येनावर, रानात कोशाच्या अळ्या वाढवायचं काम ढिवर समाजाकडे. अळ्या झाडावर असेपर्यंत राखणदार माणूस रानातच राही, मटण खात नसे, बायकोजवळ जात नसे, असं आत्याबाई सांगे. पाखरं, मुंग्या, माकडं यांच्यापासून तो राखण करायचा. उरलेलं देवाच्या हाती. कोष तयार झाला की तो विणकराच्या घरी यायचा. घट्ट, मातकट रंगाचा, देठासकट, वाळक्या फळासारखा. तिथून पुढचं काम बायकांचं.

कोष राखेच्या पाण्यात उकळायचे. मऊ झाले की वरचं जाळं काढून टाकायचं, मग मूळ तंतू सापडतो. पाच-सात कोषांचे तंतू एकत्र धरून, लुगडं वर खोचून, डाव्या मांडीवर तळहातानं वळायचे. एक हात ओढतो, दुसरा वळतो. तंतू चिकटू नये म्हणून मधूनमधून राखेचा हात. आत्याबाईच्या डाव्या मांडीवर विताएवढा गुळगुळीत पट्टा होता. तिथं लव नव्हती, सुरकुतीही नव्हती. म्हातारपणी बाकी सगळं अंग सैल झालं, तो पट्टा तसाच राहिला. लहानपणी मी त्यावर बोट फिरवून पाहिलं होतं. तिनं बोट बाजूला सारलं नाही, हात मात्र थांबवला नाही.

धागा काढणारीचं नाव कापडाला लागत नाही. माग नवऱ्याचा, कापड नवऱ्याचं, बाजारात भाव करणारा तोच. आणि त्या कोशाचं धोतर नेसून पूजेला बसणाऱ्याला ते सोवळ्याचं. आरमोरीच्या एखाद्या बाईच्या उघड्या मांडीवर तो धागा वळला गेला, हे त्याला कोणी सांगितलं असतं तर? मी एकदा हे आत्याबाईला विचारलं. ती म्हणाली, "सांगाचा कायले? नेसला का पैसा येते."

धागा वळताना ती गोष्टी सांगायची, आणि त्यातली चांद्याची गोष्ट तिची खास. बल्लारशाचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गाठी, कोणाचं औषध लागू पडत नाही. शिकारीला गेला असता झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडलं. प्याला, हातपाय धुतले आणि रात्री शांत झोपला. सकाळी अंगावरच्या गाठी गेल्याचं राणीच्या ध्यानात आलं. पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. राजा चक्रावला. राणी म्हणाली, ही भूमी जोरकस आहे, ससा जिथून धावला तिथून तट घाल. असं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसलं. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या बंदोबस्त अहवालामुळे गोंड राजांच्या या कथा कागदावर आल्या, आणि अभ्यासक त्यांना दंतकथाच मानतात. आत्याबाईच्या तोंडी राजाला फारशी वाक्यं नसत. "रानी म्हनाली" हे मात्र चार वेळा यायचं. चैत्रात महाकालीच्या यात्रेला ती एकदा गेली होती, तेव्हा राणी हिराईनं नवरा बीरशहासाठी बांधलेली समाधीही पाहून आली. यात्रेचं वर्णन दोन वाक्यांत संपलं. समाधीचं कितीतरी वेळ चाललं. "नवरा मेला, तरी बांधून घेतलन," असं ती म्हणायची, आणि त्यात कौतुक किती आणि हेवा किती ते मला कधी कळलं नाही.

कारण तिचा नवरा लवकर गेला. साल विचारलं तर उत्तर: लाखोरीचं साल. धान गेलं होतं आणि बांध्यांत धानानंतर टाकलेली लाखोरी तेवढी हाताशी होती. वरण तिचंच, भाकर तिचीच. फार दिवस ही डाळ पोटात गेली की पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. आमच्याकडे ती पिकतच राहिली. फुफाजी कशानं गेले ते कोणी नीट सांगत नाही. पाय आधी गेले, एवढंच ऐकलंय. दीर नागपूरला गिरणीत गेला; कोष्ट्यांच्या कितीतरी घरांतून एकेक जण असाच एम्प्रेस मिलमध्ये जात होता. आत्याबाई राहिली. माहेरी परत ये, असं आज्यानं निरोप धाडला होता म्हणतात. ती आली, पंधरवडा राहिली आणि परत गेली. कोष उकळायला टाकून आली होती, असं कारण तिनं दिलं. पंधरा दिवस कोष कोणी उकळत नाही.

राज्य तिच्याभोवती बदलत गेलं. जन्म मध्यप्रांत आणि वऱ्हाडातला; मग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात; १९५६ ला मुंबई राज्यात; १९६० ला महाराष्ट्रात. यातलं काहीही आरमोरीत तिच्या दारापर्यंत आलं नाही. मालगुजारी गेली ते मात्र लक्षात राहिलं, कारण मालगुजाराच्या घरच्या लग्नाला कोशाचं कापड फुकट द्यावं लागायचं ते थांबलं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि तिचं माहेर एका जिल्ह्यात, सासर दुसऱ्यात गेलं. मोठ्या बाबांनी ही बातमी जरा हळहळून सांगितली. ती म्हणाली, "नदी तं आंधीच होती."

माहेरी ती यायची ती मंडईला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक. झाडीपट्टीची नाटक मंडळी वडशाहून निघतात आणि धानाचे पैसे हाती आलेल्या गावांत रात्रभर रंगतात. आत्याबाई पुढे सतरंजीवर जागा धरून बसायची, पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नायिकेचं काम करणाऱ्याच्या चालीची नक्कल करून दाखवायची. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं आहे.

मग एक काळ आला की तिच्या आठवणींना अचानक भाव चढला. आम्ही अनुसूचित जमातीतले हलबा की कोष्टी, हा वाद कोर्टात गेला होता. दाखल्यांसाठी १९५० च्या आधीचे कागद लागत. नोकरीतले भाचे-पुतणे आरमोरीला खेपा घालू लागले. आजा काय लिहायचा, पणजा काय सांगायचा, आत्याबाई, आठवा. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयानं मिलिंद खटल्यात कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असा निकाल दिला आणि खेपा थांबल्या. त्या सगळ्या चौकशीत तिनं दिलेलं उत्तर एकच होतं: "आपन कोसेवाले. आनखी कोन?" ते कोणत्याच फॉर्मात बसणारं नव्हतं. पोरांवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांच्या नोकऱ्या टांगणीला होत्या. पण तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी जुनं विचारत होतं, आणि विचारणाऱ्यांना तिच्याबद्दल काही ऐकायचं नव्हतं, हे मला अजून खटकतं.

ती गेली तेव्हा तेरवीला नागभीडच्या बाजूनं काही म्हाताऱ्या आल्या होत्या. जेवणं झाल्यावर ओसरीत पाय पसरून बसल्या, खलबत्त्यात सुपारी कुटत. मी सहज विचारलं, आत्याबाईचं लग्न तुम्हाला आठवतं का. त्यातली एक म्हणाली, आठवेल कसं नाही, माझं त्याच मांडवात लागलं. दुसरी म्हणाली, माझं आठ दिवसांनी, गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला. मग नावं निघू लागली. वडशाला दिलेली, सिंदेवाहीला दिलेली, सावलीची, आणि एक आरमोरीच्याही पुढे दिलेली, जी पहिल्या बाळंतपणात गेली. सगळ्या त्या एका कार्तिकातल्या आणि मार्गशीर्षातल्या. चिमूरच्या हुतात्म्यांची नावं मला पाठ आहेत, शाळेत घोकली होती. या पोरींची मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि लिहून घ्यायला जवळ कागद नव्हता म्हणून तेरवीच्या पत्रिकेच्या मागे लिहीत गेलो.

घरात कोणी सांगितलं होतं का, एवढी घाई कशासाठी, असं मी विचारलं. सांगतं कोण, असं दोघी एकदमच म्हणाल्या. मग पहिलीला मांडवातली बुंदी आठवली. "बुंदी?" दुसरी उखडली. "लढाईच्या दिवसात साखर कोन देत होता तुह्या बापाले? गुराचा सीरा होता." पहिली ऐकेना. तिनं स्वतः दोनदा वाढून घेतली होती. शेवटी दुसरीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, लिही रे बा, गुराचा सीरा.

मी दोन्ही लिहिलं.