नळाचें शेवटचें टोक

पाणी घरांत येतें तें भिंतीच्या पोटांतून; आपण पाहतों ती केवळ भिंतीबाहेरची वीतभर नळी व तिच्या टोकाची तोटी. धरणें व तलाव यांचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. मला आज या वीतभर नळीचा सांगावयाचा आहे, कारण गळती बहुधा तेथेंच सुरू होते.

रोमन लोक शिशाचे नळ वापरीत. लॅटिन भाषेंत शिशास ‘प्लंबम्’ म्हणत. ‘प्लंबर’ हा शब्द त्यावरूनच आला. शिशाच्या नळांतलें पाणी प्रकृतीस अपायकारक, मातीचे नळ बरे, असें व्हिट्रूव्हियस या वास्तुशास्त्रज्ञानें इसवी सनापूर्वी पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. तरीही शिसें टिकलें, कारण तें हातानें वळतें. नळ तोटीपर्यंत हवा तसा वांकवावा, वितळलेला डाख सांध्यावर ओतावा आणि तेलकट कापडाच्या घडीनें पुसून त्याचा गोल गड्डा करावा, ही कारागिरी विसाव्या शतकापर्यंत चालली.

मुंबईस विहार तलावाचें पाणी नळानें आलें तें १८६० सालीं. आमच्या पिढीनें घरोघर पाहिले ते जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ. आटे पाडावे, वर ताग व सफेदा लावावा आणि पान्यानें आवळावें. लोखंड वांकत नाहीं. पण भिंतीबाहेर आलेलें त्याचें टोक हलतही नाहीं. या गुणाची किंमत तो गेल्यावर कळली.

२७ मार्च १९३३ रोजीं इंग्लंडांत विनिंग्टन येथें फॉसेट व गिब्सन यांस, वेगळ्याच हेतूनें प्रयोग करीत असतां, भांड्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. तोच पॉलिएथिलीन. त्याची नळी वळे खरी, परंतु ऊन पाण्यानें मऊ पडे. १९६८ च्या सुमारास जर्मनींत टॉमस एंगेल यांनीं त्याच्या रेणूंची परस्परांशीं गुंफण केली व ती उणीव भरून काढली. या नळीस ‘पेक्स’ म्हणतात.

अमेरिकेंत मात्र १९७८ पासून पॉलिब्युटिलीन नांवाची दुसरीच स्वस्त व लवचीक नळी लाखों घरांत बसविली गेली. पाण्यांतील क्लोरीननें ती, आणि विशेषतः तिचे प्लास्टिकचे सांधे, आंतून ठिसूळ होत गेले. बाहेरून कांहीं दिसत नसे. एके दिवशीं भिंत ओली होई. १९९५ सालीं न्यायालयांतील तडजोडीनें उत्पादकांस सुमारें ९५ कोटि डॉलर द्यावे लागले. नळी चांगली कीं वाईट, हें तिच्या लांबीवरून नव्हे, तर सांध्यावरून ठरतें, हें तेव्हां फार महागांत पटलें.

पेक्सला आपला मूळ आकार आठवतो, हा तिचा चमत्कार. टोक रुंद करून पितळी जोड आंत सरकवावा. क्षणार्धांत नळी आंखडून त्यास घट्ट धरते. पण हीच लवचीक नळी भिंतीबाहेर तशीच काढली, तर तोटी डुलते. शिवाय सूर्यप्रकाशानें ती क्षीण होते. म्हणून अमेरिकेंतील प्लंबर शेवटीं तांब्याचा कोपर घेतात, तो भिंतीतील लांकडास स्क्रूनें जखडतात, बाहेर आलेल्या तांब्याच्या टोकावर चावी बसवितात आणि भोंक चकतीनें झांकतात. पाणी तापविण्याच्या बंबापाशीं तर शेवटचा हातभर भाग धातूचाच ठेवण्याचा त्यांचा नियम आहे. प्लास्टिकचें राज्य आलें. वेशीवरचा पहारा धातूकडेच राहिला!

चावीपासून तोटीपर्यंतची शेवटची नळी वरून तारेची विणलेली असते. पाण्याचा दाब ती वीण सोसते. गळती थांबविते तें आंतलें रबरी वायसर, आटे नव्हेत. ती हातानें फिरवावी व पान्यानें किंचितच आवळावी. प्लास्टिकची चाकी जोरानें आवळल्यास त्या दिवशीं तडकत नाहीं. कांहीं महिन्यांनीं, घरांत कोणी नसतांना तडकते. गतवर्षीं हात धुण्याच्या भांड्याखालीं ती नळी मीं स्वतः बसविली आणि जुन्या सवयीनें आट्यांवर ताग गुंडाळला. वायसर नीट बसेना, पाणी ठिबकत राहिलें. शेवटीं सगळा ताग सोडवून काढावा लागला.