अमेरिकेतील ‘अर्ली’ प्रवेश : झेप कोठवर घ्यावी?

अमेरिकेत पदवीच्या शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला मोठा निर्णय बारावीच्या वर्षात, ऐन दिवाळीच्या आसपास घ्यावा लागतो. तेथील बहुतेक नामांकित खासगी विद्यापीठे दोन टप्प्यांत अर्ज स्वीकारतात. पहिल्या, म्हणजे ‘अर्ली’ टप्प्याची मुदत सामान्यतः नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते व निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. नियमित टप्प्याचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातात आणि त्यांचे निकाल मार्चअखेर कळतात. पहिल्या टप्प्यातील बंधनकारक अर्ज एकाच विद्यापीठाकडे करता येतो. तो शंभरातल्या तिघा-चौघांनाच दार उघडणाऱ्या विद्यापीठासाठी वापरावा, की आपल्या गुणवत्तेच्या आवाक्यातील विद्यापीठासाठी, हा प्रश्न पुण्या-मुंबईतील अनेक घरांत आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांतही दरवर्षी चर्चिला जातो. ही चर्चा बहुधा महत्त्वाकांक्षा आणि व्यवहार यांच्यातील वाद म्हणून होते. प्रत्यक्षात तिचे उत्तर बऱ्याच अंशी नियमांत आणि घरच्या हिशेबात दडलेले असते.

नियमांचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक प्रकार. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक असे तिघेही त्यावर स्वाक्षरी करतात आणि प्रवेश मिळाल्यास अन्य सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्वेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न ही विद्यापीठे हा मार्ग वापरतात. ‘अर्ली अॅक्शन’मध्ये निकाल लवकर मिळतो, पण निर्णय १ मेपर्यंत राखून ठेवता येतो. एमआयटी तसेच मिशिगन, पर्ड्यू, इलिनॉय अशी सरकारी विद्यापीठे या गटात येतात. तिसरा प्रकार हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा. तेथे मिळालेला प्रवेश स्वीकारण्याचे बंधन नाही, परंतु त्याच टप्प्यात दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे अर्ज करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. सरकारी आणि परदेशी विद्यापीठांना मात्र त्यातून सूट असते. बर्कली, लॉस एंजलिस आदी शाखा असलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असा लवकरचा टप्पाच नाही.

या टप्प्याचे आकर्षण आकड्यांतून निर्माण होते. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डने पहिल्या टप्प्यातील सुमारे ८.७ टक्के अर्जदारांना प्रवेश दिला. दोन्ही टप्पे मिळून हे प्रमाण ३.६ टक्के होते. ब्राउनमध्ये हेच आकडे अनुक्रमे १४.४ आणि ५.२ टक्के असे होते. हे पाहून लवकर अर्ज केला की संधी अडीच-तीन पट होते, असा समज होतो. तो फसवा आहे. विद्यापीठांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले आणि प्राध्यापकांची मुले मोठ्या संख्येने याच टप्प्यात अर्ज करतात. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात उघड झालेल्या माहितीवर अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थी वा प्राध्यापकांची मुले, अथवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतील होते, असे त्यातून दिसले. नाशिकच्या किंवा ठाण्याच्या विद्यार्थ्याला यांपैकी कोणताही टेकू नसतो. त्याच्यासाठी ८.७ हा आकडा छापलेला असला तरी लागू होत नाही.

तरीही फायदा अजिबात नाही, असेही नाही. ख्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउजर यांचे या विषयावरील पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. समान गुणवत्तेच्या अर्जदारांची तुलना करून त्यांनी दाखवले, की लवकर अर्ज करण्याचा लाभ सॅट परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळवण्याइतका आहे. कारण उघड आहे. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्षात येतील, याची विद्यापीठांना सतत धास्ती असते. बंधनकारक अर्ज करणारा हमखास येतो. पेनसिल्वेनियासारखे विद्यापीठ आपला जवळपास अर्धा वर्ग अशा अर्जांतून भरते. म्हणजे विद्यापीठ जी सवलत देते ती निष्ठेच्या बदल्यात. जेथे निष्ठा मागितलीच जात नाही, तेथे तिचे मोलही कमी मिळते.

येथेच निर्णयाची किल्ली आहे. उदाहरणादाखल, एखाद्या विद्यार्थ्याची अतिकठीण विद्यापीठातील शक्यता शंभरात दोन असेल, तर ती दुप्पट होऊनही चारच होते. ज्या विद्यापीठात ती मुळात वीस-पंचवीस आहे, तेथे बंधनकारक अर्जाने ती पस्तीस-चाळीसपर्यंत जाणे खरोखर उपयोगाचे ठरते. लवकरच्या अर्जाची ताकद सीमारेषेवरील उमेदवाराला पलीकडे नेण्यात आहे. रेषेपासून फार दूर असलेल्याला ती हात देत नाही. म्हणून बंधनकारक अर्जासाठी किंचित अवघड, पण शक्य कोटीतील विद्यापीठ निवडणे बहुतेकांच्या हिताचे.

परंतु ‘शक्य कोटीतील’ म्हणजे काय, हे ठरवताना पालकांची गफलत होते. विद्यापीठे प्रवेश मिळालेल्यांच्या मधल्या निम्म्या गटाचे सॅटचे गुण जाहीर करतात. २०२० नंतर अनेक ठिकाणी ही परीक्षा ऐच्छिक झाली, तेव्हा चांगले गुण असलेल्यांनीच ते कळवले आणि जाहीर होणारे आकडे फुगले. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली; डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आदींनी २०२४ मध्ये तसा निर्णय घेतला. शाखेनुसारही चित्र बदलते. इलिनॉयच्या अर्बाना-शँपेन येथील एकूण प्रवेशाचे प्रमाण पाहून संगणकशास्त्राचा अंदाज बांधणे म्हणजे स्वतःची फसवणूक. शिवाय परदेशी अर्जदारांची रांग वेगळी असते. एमआयटीत एकूण प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास असताना परदेशी विद्यार्थ्यांसाठी ते दोन टक्क्यांच्या घरात असते.

पैशाचा प्रश्न मात्र या सर्वांच्या आधी यायला हवा. नामांकित खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवण्यासह एका वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. चार वर्षांची ही रक्कम रुपयांत तीन कोटींच्या वर जाते. मदतीची गरज लक्षात न घेता परदेशी विद्यार्थ्यांना निवडणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅम्हर्स्ट यांचे हे धोरण जुने आहे. डार्टमथने ते २०२२ मध्ये स्वीकारले आणि ब्राउनने २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून. अन्यत्र, अर्थसाहाय्य मागणाऱ्या परदेशी अर्जदाराची गरज हीच त्याच्या विरोधात जाऊ शकते. काही विद्यापीठांत तर अर्ज करतेवेळी मदत मागितली नाही, तर पुढील चार वर्षे ती मागता येत नाही. ‘आधी प्रवेश मिळू दे, पैशाचे मग पाहू’ हा आपल्याकडील नेहमीचा विचार येथे महागात पडतो.

बंधनकारक करारातून सुटण्याचा मान्य मार्ग एकच, तो म्हणजे देऊ केलेले अर्थसाहाय्य अपुरे असणे. पण तेवढ्यावर विसंबून अर्ज करणारा विद्यार्थी इतर विद्यापीठांचे देकार समोर ठेवून तुलना करण्याची संधी गमावतोच. ज्या कुटुंबाला शिष्यवृत्तींची तुलना केल्यावाचून निर्णय घेता येणार नाही, त्याने बंधनकारक अर्जाच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी अर्ली अॅक्शन आणि सरकारी विद्यापीठे हाच सुज्ञ मार्ग. अमेरिकास्थित मराठी कुटुंबांनी आणखी एक बाब तपासावी. नागरिक वा ग्रीन कार्डधारक मुलांना देशांतर्गत निकष लागतात. एच-४ व्हिसावरील मूल तेथेच शाळा शिकलेले असले, तरी अर्थसाहाय्यासाठी बहुतेक ठिकाणी परदेशी धरले जाते.

मग हार्वर्ड-प्रिन्स्टनचे स्वप्न पाहूच नये काय? जरूर पाहावे. ती बंधन घालत नसल्याने तेथील नकाराची खरी किंमत असते ती इतरत्र न वापरलेल्या बंधनकारक अर्जाची. तीही काही अंशी भरून निघते. शिकागो, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, एमरी, न्यूयॉर्क विद्यापीठ अशा अनेक संस्था जानेवारीच्या सुरुवातीला बंधनकारक अर्जाची दुसरी फेरी घेतात आणि तिचा निकाल बहुधा फेब्रुवारीत लागतो. नोव्हेंबरमध्ये एक मोठे स्वप्न, त्यासोबत पर्ड्यू किंवा इलिनॉयसारखी सरकारी विद्यापीठे आणि डिसेंबरमध्ये नकार आल्यास जानेवारीत आवाक्यातील बंधनकारक अर्ज, ही रचना धाडस आणि सावधगिरी दोन्ही सांभाळते. अट इतकीच, की उरलेले निबंध नोव्हेंबरमध्येच लिहून तयार हवेत. नकार पचवून दोन आठवड्यांत आठ-दहा निबंध लिहिणे सतरा वर्षांच्या मुलाला झेपत नाही. ‘डिफर’ झालेल्या, म्हणजे नियमित टप्प्यात पुन्हा विचारार्थ ठेवलेल्या अर्जावरही फार आशा ठेवू नये. हार्वर्ड मोठ्या संख्येने अर्ज असे पुढे ढकलते, स्टॅनफर्ड फार थोडे.

ही सारी व्यवस्था न्याय्य आहे की नाही, यावर अमेरिकेतही वाद आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने २००६ मध्ये लवकरचा टप्पा बंद करण्याचे जाहीर केले होते. हा टप्पा सधन घरांतील मुलांना झुकते माप देतो, हे त्यामागील कारण. इतरांनी अनुकरण केले नाही आणि २०११ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टनने तो पुन्हा सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये बंधनकारक पद्धतीविरुद्ध ३२ महाविद्यालयांवर मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल झाला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची एक अडचण मात्र न्यायालयात सुटणारी नाही. दहावीनंतर शाळा बदलून कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्याला नववी-दहावीची गुणपत्रके एका संस्थेकडून आणि अकरावीची दुसरीकडून गोळा करावी लागतात. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक नसतो, त्यामुळे करारावरील स्वाक्षरी आणि शिफारसपत्र प्राचार्यांकडे जाते. ऑगस्टमध्येच त्यांना भेटून करार म्हणजे काय, हे समजावून सांगणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्याने प्रवेश मिळूनही शब्द मोडला, तर सहसा कोणी त्याला कोर्टात खेचत नाही. मात्र त्याच महाविद्यालयातून पुढल्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांकडे ते विद्यापीठ संशयाने पाहू शकते. बारावीचा निकाल तर १ मे उलटून गेल्यावर लागतो. डिसेंबरमध्ये मिळालेला प्रवेश त्या गुणांवर अवलंबून असतो आणि गुण फारच घसरले, तर तो रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठ स्वतःकडे राखून ठेवते.