तळटीप : कोणते पाणी?

* लेखकाने येथे ‘पाणी सोडून तेल ढकलले’ एवढ्यावर भागवले आहे. कोणते पाणी, हा कळीचा मुद्दा त्यातून निसटतो. वालुकाश्मातले तेल तळ्यासारखे साचलेले नसते, ते कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेले असते. कणांचा पृष्ठभाग पाण्याने भिजत असेल तर पाणी कडेकडेने शिरून तेल सोडवते. कच्च्या तेलातील ध्रुवीय घटक चिकणमातीला चिकटले असतील, तर मात्र बरेच तेल मागे राहते. कॅल्शियमसारखे दुहेरी धनभाराचे आयन या चिकटण्यात दुवा होतात आणि पाण्यातले क्षार घटवले की दुवे सुटतात, असे एक स्पष्टीकरण आहे. सर्वांना ते मान्य नाही. वायोमिंग विद्यापीठातील नॉर्मन मॉरो आणि त्यांचे सहकारी तांग यांनी १९९०च्या दशकात बेरिया वालुकाश्मावर, कमी क्षारांच्या पाण्याने जास्त तेल सुटते, हा परिणाम दाखवला. नमुना भाजून चिकणमाती निष्प्रभ केली, किंवा कच्च्याऐवजी शुद्ध केलेले तेल वापरले, की तो नाहीसा होई. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. मात्र अगदी गोडे पाणीही चालत नाही. माती फुगते, सुटे कण वाटा बुजवतात. शेटलंड बेटांच्या पश्चिमेस, २०१८ साली सुरू झालेल्या क्लेअर रिज तेलप्रकल्पात समुद्राच्या पाण्यातले क्षार कमी करणारी यंत्रणा फलाटावरच बसवलेली आहे. — संपादक