भुतिया, बायचुंग

भुतिया, बायचुंग : (१५ डिसेंबर १९७६ — ). भारतीय फुटबॉलपटू, आघाडीचे खेळाडू व राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार. युरोपातील क्लबशी व्यावसायिक करार करणारे पहिले भारतीय फुटबॉलपटू म्हणून त्यांची ओळख आहे. जन्म दक्षिण सिक्कीममधील तिंकिताम या डोंगराळ खेड्यात, शेतकरी कुटुंबात. सिक्कीम भारतात विलीन झाले मे १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्माच्या सुमारे दीड वर्ष आधी. ‘बायचुंग’ या नावाचा अर्थ ‘धाकटा भाऊ’ असा सांगतात. बंगाली वृत्तपत्रे त्यांचे नाव ‘भाईचुंग’ असे लिहितात.

आई-वडिलांना मुलाचे खेळाचे वेड सुरुवातीला फारसे पसंत नव्हते. काका कर्मा भुतिया यांनी मात्र त्याला पाठबळ दिले. पाक्योंग येथील सेंट झेवियर्स शाळेत शिक्षण सुरू झाले आणि वयाच्या नवव्या वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाची फुटबॉल शिष्यवृत्ती मिळून ते गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत दाखल झाले. प्राधिकरणाची स्थापना १९८४ ची. त्यामुळे या शिष्यवृत्तीचा लाभ मिळालेल्या अगदी पहिल्या मुलांत त्यांची गणना करता येते. कर्मा भुतिया चालवीत असलेल्या गंगटोकच्या बॉइज क्लबकडूनही ते खेळत. त्या काळात सिक्कीममध्ये व्यावसायिक क्लब नव्हता, आणि ईशान्येकडच्या मुलाला कोलकात्यापर्यंत पोहोचण्याची सरळ वाटही नव्हती. ती वाट शाळेच्या मैदानातून निघाली. १९९२ च्या सुब्रतो चषक आंतरशालेय स्पर्धेत ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांनी त्यांना हेरले आणि कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये येण्यास साहाय्य केले.

१९९३ मध्ये, सोळाव्या वर्षी, शाळा सोडून ते ईस्ट बंगाल क्लबमध्ये दाखल झाले. मार्च १९९५ मध्ये नेहरू चषक स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. त्याच स्पर्धेत उझबेकिस्तानविरुद्ध गोल केला तेव्हा ते १८ वर्षे ९० दिवसांचे होते. भारताकडून गोल करणारे त्या वेळचे ते सर्वांत लहान वयाचे खेळाडू मानले जातात.

१९९५ मध्ये ते पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी मिल्स संघात गेले. हा कापडगिरणीचा संघ. सुखविंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात आय. एम. विजयन आणि कार्ल्टन चॅपमन हेही होते. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग प्रथमच भरली आणि जेसीटीने ती जिंकली. १४ गोलांसह भुतिया स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे ठरले. विजयन यांच्याशी त्यांची जोडी जमली ती येथेच, आणि पुढे काही वर्षे राष्ट्रीय संघाच्या आघाडीचा भार याच जोडीने वाहिला. भुतिया धिप्पाड नव्हते. बचावपटूच्या खांद्याआड राहून ऐन क्षणी मोकळ्या जागेत झेपावणे, गोलकडे पाठ असताना चेंडू पायाशी धरून क्षणात वळणे आणि उंचीच्या मानाने अचूक हेडर ही त्यांच्या खेळाची खरी पुंजी होती.

१९९७ मध्ये ते ईस्ट बंगालमध्ये परतले आणि १३ जुलै १९९७ रोजी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वाधिक स्मरणात राहिलेला सामना झाला. फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल व मोहन बागान समोरासमोर आले. प्रेक्षकसंख्या १,३१,००० हून अधिक नोंदली गेली. भारतात कोणत्याही क्रीडाप्रकाराच्या सामन्याला जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दींपैकी ही एक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी सततच्या चढाईवर बेतलेली ‘डायमंड’ रचना आणली होती आणि तिच्या जोरावर त्यांच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा धुव्वा उडवला होता. ईस्ट बंगालची सूत्रे प्रदीपकुमार (पी. के.) बॅनर्जी यांच्याकडे होती. सामन्याआधी दत्त यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंची नावे मोडून त्यांना डिवचले. ‘भाईचुंग’ या नावाचीही त्यांनी अशीच मोडतोड केली, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. बॅनर्जींनी तेच शब्द आपल्या खेळाडूंना पेटवण्यासाठी वापरले. मोहन बागानच्या चढाईत बचावफळीमागे मोठी जागा सुटत होती. अशी जागा शोधणे हाच भुतिया यांचा हातखंडा. पूर्वार्धात नजीमुल हक यांनी ईस्ट बंगालला आघाडी दिली. उत्तरार्धात भुतिया यांनी तीन गोल केले. मोहन बागानकडून चिमा ओकोरी यांचा एकमेव गोल झाला आणि ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला. या दोन क्लबांमधील लढतींतील ही पहिली हॅटट्रिक, असे अनेकदा लिहिले जाते. मात्र काही नोंदकार १९३० च्या दशकातील हॅटट्रिकचे दाखले देतात. अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला गोव्याच्या साळगावकर संघाकडून हार पत्करावी लागली.

१९९८-९९ च्या हंगामात ते ईस्ट बंगालचे कर्णधार होते. त्या वर्षी राष्ट्रीय लीगचे विजेतेपद साळगावकरने पटकावले व ईस्ट बंगाल दुसऱ्या स्थानी राहिला. १९९८ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९९९ मध्ये गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर दक्षिण आशियाई (सॅफ) स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० असे नमवले. गोव्याचे ब्रुनो कुतिन्हो आणि भुतिया यांनी एकेक गोल केला.

३० सप्टेंबर १९९९ रोजी ते इंग्लंडमधील बरी क्लबमध्ये दाखल झाले. मँचेस्टरजवळच्या या गावाचा संघ तेव्हा सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पातळीवर होता. त्याआधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन व ॲस्टन व्हिला येथील चाचण्यांतून निवड झाली नव्हती. भुतिया यांच्याही आधी, १९३६ मध्ये, कोलकात्याचे मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी खेळले होते, पण मोजके सामने आणि कराराविना. ‘पहिले भारतीय’ हा मान देताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. ३ ऑक्टोबर रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध ते बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले. त्यांनी हवेतच टोलवलेला चेंडू बचावपटूला लागून डॅरेन बुलक यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो जाळ्यात धाडला. स्वतःच्या पहिल्या गोलसाठी भुतिया यांना १५ एप्रिल २००० च्या चेस्टरफील्डविरुद्धच्या सामन्यापर्यंत थांबावे लागले. त्यांना संघात घेणारे व्यवस्थापक नील वॉरनॉक डिसेंबर १९९९ मध्येच शेफील्ड युनायटेडकडे गेले होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने भुतिया यांना पुन्हा पुन्हा बाहेर बसवले आणि शेवटच्या हंगामात ते फारच थोडे खेळू शकले. तीन हंगामांत लीगचे ३७ सामने व ३ गोल ही आकडेवारी तोकडी दिसते; पण धसमुसळ्या, लांब पासांच्या खेळात आणि ओल्या, जड मैदानांवर एका भारतीय आघाडीपटूने टिकून राहणे याला तोवर दाखला नव्हता, आणि त्यांच्या या वर्षांचे मोल त्यावरूनच करायला हवे.

२००२ मध्ये ते भारतात परतले व मोहन बागानकडून खेळले. २००३ मध्ये ते पुन्हा ईस्ट बंगालकडे आले आणि त्या वर्षी या क्लबने जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली. ९ गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांचे होते.

मलेशियातही काही काळ खेळले. पद्मश्री (२००८).

त्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. शंभराहून अधिक सामने हा आकडा प्रचलित आहे. क्लब व वयोगटातील संघांविरुद्धचे सामने वगळणारे संकलक तो बराच कमी धरतात. १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्याने त्यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. तो सामना भारताने ०-४ असा गमावला. तिंकिताम ज्या जिल्ह्यात येते, त्या जिल्ह्याचे ठाणे असलेल्या नामची येथील फुटबॉल स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले आहे.