जग संपलं, पण बजेट त्याआधीच संपलं होतं!

आधीच सांगतो, मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावचा. सोयाबीनवालं मालेगाव. आजच्या गोष्टीत दुसरं मालेगावही येणार आहे, नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागवालं. पण तिथं आपण ऑस्ट्रेलियामार्गे जाऊ.

साल 1979. जॉर्ज मिलर हा पेशानं डॉक्टर. त्यानं मित्र बायरन केनेडीसोबत ‘मॅड मॅक्स’ काढला. खर्च 3.5 ते 4 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, जगभरातली कमाई 10 कोटी अमेरिकन डॉलरच्या आसपास. हाताशी काय? मोकळे रस्ते आणि आपटायला गाड्या. 1981 मध्ये दुसरा भाग आला. त्यात जग पार बुडालेलं, उरलंय वाळवंट आणि पेट्रोलसाठीची मारामारी.

हे बघून इटलीवाले कामाला लागले. 1983 चा ‘योर’ घ्या. शूटिंग तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाच्या खडकांत. कातडं गुंडाळलेला नायक डायनासोर मारत फिरतो, आपल्याला वाटतं आदिमानवाची गोष्ट आहे. मग अचानक लेझर बंदुका निघतात! म्हणजे हा अणुयुद्धानंतरचा काळ. डायनासोर खोटा आहे हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरी लोक आजही मजेत बघतात.

का? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, राजा-महाराजांच्या सिनेमाला महाल लागतो. जग संपल्यावरच्या सिनेमाला भंगार पुरतं. खिशात पैसा नाही हे लपवावंच लागत नाही. दुसरं, त्या जगात सातबारा नाही, रांग नाही, साहेब नाही. भंगारातून जो काही जोडून दाखवेल, तो हिरो. आणि पडद्यामागे सिनेमावाल्यांचंही तेच चाललेलं असतं.

आता चला नाशिकच्या मालेगावात. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. 2000 च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, साधारण 50 हजार रुपयांत. पुढे थेट सुपरमॅनला हात घातला. फैजा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटात ते शूटिंग दिसतं. क्रेन नाही, बैलगाडी घ्या. ट्रॉली नाही, सायकल घ्या. उडायचं कसं? हिरवा कपडा लावा आणि लटका.

या गोष्टीत प्रलय आलेला नाही. पण खलनायकाला गावभर घाण हवी आहे. त्याच्याशी लढणारा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगानं काडी. धूळ, धूर, कचरा यांचा सेट लावायला लागला नाही, ते गावातच होतं. म्हणून हसता हसता घशात काहीतरी अडकतं. 2011 मध्ये शफीक तोंडाच्या कॅन्सरनं गेला. पडद्यावर गाव वाचवणाऱ्याला गावाबाहेर फार लोक ओळखत नव्हते. 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, तेव्हा कुठं त्याची गोष्ट मोठ्या पडद्यावर देशभर पोचली.

आज आपल्या खिशातला कॅमेरा नासिरभाईंच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यापेक्षा भारी आहे. गावात बैलगाडी अजून मिळते, भंगाराची तर कमीच नाही. मग अडलंय कुठं?

तुमच्या गावात व्हिडिओ सेंटर होतं का, तिथं काय लागायचं, हे आज घरी विचारा. जे कळेल ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू मग!