अजिंठ्याच्या नावाचा बॅले आणि विष्णुदास शिराली

मागच्या वेळी आपण मिकिस थिओडोराकिस या ग्रीक संगीतकाराबद्दल बोललो. सिंफनी, बॅले आणि चित्रपट या तिन्हीकडे त्याचा हात चालला. त्याचा ‘अँटिगनी’ हा बॅले १९५९ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये झाला. ‘झोर्बा’ या १९६४ च्या चित्रपटाची धून तर ग्रीस माहीत नसलेल्यांनाही माहीत आहे, आणि पुढे १९८८ मध्ये तिच्यावरून बॅलेही उभा राहिला. तेव्हा शेवटी प्रश्न आला होता, की आपल्याकडे असं कोणी झालं का? उत्तर शोधायला आपल्याला आधी त्याच कॉव्हेंट गार्डनमध्ये जावं लागतं, थिओडोराकिसच्या ३६ वर्षं आधी. आणि गंमत म्हणजे तिथे आपल्याला भेटतो तो आपला अजिंठा.

सप्टेंबर १९२३. ॲना पाव्हलोवा ही त्या काळातली जगातली सर्वांत नावाजलेली बॅले नर्तकी. आदल्या हिवाळ्यात ती हिंदुस्थानचा दौरा करून गेली होती. परत गेल्यावर तिनं ‘अजिंठ्याची भित्तिचित्रं’ या नावाचा बॅले बसवून घेतला. नृत्यरचना इव्हान क्लुस्टिनची, संगीत अलेक्झांडर चेरेपनिनचं. चेरेपनिन तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा. पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला, क्रांतीनंतर घरच्यांबरोबर तिफ्लिसला गेलेला, आणि तिथून १९२१ मध्ये पॅरिसला पोचलेला.

त्याच्यासमोर अजिंठ्याचं काय होतं? चित्रं होती. म्हणजे चित्रांच्या नकला. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात इथे येऊन, नंदलाल बोस, असित हलदार, हैदराबादचे सय्यद अहमद अशा मंडळींच्या मदतीनं नकला करून गेली होती; त्यांचं पुस्तक १९१५ मध्ये लंडनला निघालं. त्याही आधी मुंबईच्या जे. जे.च्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी लंडनच्या आगीत जळाल्या, ते दुःख वेगळं. तर रंग मिळाले, मुद्रा मिळाल्या, हातांचे आकार मिळाले. आवाज कुठून मिळणार? भिंत काही वाजत नाही. चेरेपनिननं मग युरोपच्या वाद्यवृंदासाठी आपल्याला सुचलं ते लिहिलं. त्याला हसण्याचं आपल्याला कारण नाही. हा माणूस पुढे चीन-जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिला, तिथल्या तरुण संगीतकारांना म्हणाला की तुमचं तुम्ही लिहा, आणि त्यांच्या रचना छापण्यासाठी धडपडला. पण १९२३ चा बॅले नावानंच अजिंठ्याचा होता, हे म्हणायलाच हवं.

त्याच हंगामात, त्याच रंगमंचावर, पाव्हलोवाबरोबर ‘कृष्ण आणि राधा’ नाचणारा एक तरुण होता: उदय शंकर. लंडनला चित्रकला शिकायला गेलेला, त्याआधी मुंबईत जे. जे.मध्ये आणि गांधर्व महाविद्यालयात वावरलेला. पाव्हलोवानं त्याला सांगितलं म्हणतात, की बॅलेच्या मागे लागू नकोस, तुझ्या देशाचं शोध. म्हणतात, एवढंच. पण १९३० मध्ये तो ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीबरोबर देशभर हिंडला, हे पक्कं. वेरूळच्या शिल्पांचा बोनरनं पुढे किती खोल अभ्यास केला, हे आपल्यातल्या काहींनी वाचलं असेल.

मार्च १९३१ मध्ये उदय शंकरचं पथक पॅरिसमध्ये उभं राहिलं, तेव्हा रंगमंचावर एकही पाश्चात्त्य वाद्य नव्हतं. सरोद घेऊन तिमिर बरन होते. आणि सतार, तबलातरंग सांभाळणारे होते विष्णुदास शिराली.

हा आपला माणूस. शिराली हे गाव उत्तर कानडातलं, भटकळजवळचं. विष्णुदास मात्र घडले ते विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीत. म्हणजे पलुस्करांच्या शिष्यपरिवारातल्या ओंकारनाथ, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्या रांगेत त्यांचं नाव घ्यायला हवं. आपण घेत नाही. का घेत नाही, त्याचं कारण त्यांच्या कामातच आहे असं आम्हाला वाटतं.

जरा विचार करा. आपल्या मैफलीचा सगळा डौल एका माणसाच्या सवडीवर उभा. राग उलगडायला अर्धा तास लागेल, तासही लागेल, समोरची मंडळी कशी आहेत त्यावर ते ठरणार. नाच बसवायचा तर ही चैन चालत नाही. दहा माणसं एकदम वळणार, तर वळण रोज त्याच मात्रेवर यायला हवं. उदय शंकर बऱ्याचदा नाच आधी रचायचे आणि संगीत मागाहून त्यावर बसवलं जायचं. म्हणजे संगीतकारानं बांधायचं, मापून द्यायचं, कोणतं वाद्य कधी बोलेल आणि कधी गप्प बसेल ते आधीच ठरवायचं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात भरीवपणा येतो तो एकावर एक रचलेल्या स्वरांमुळे. रागसंगीतात ती सोय नाही. मग भरीवपणा आणायचा कशानं? वाद्यांच्या जातीनं आणि लयीनं. बासरीनंतर सरोद, सरोदाखाली ढोल, ढोलावर झांज. ‘श्रम आणि यंत्र’ हा उदय शंकरांचा १९३९ चा बॅले घ्या. कारखाना, यंत्राला जुंपलेला माणूस, आणि संगीत शिरालींचं. असल्या विषयाला कोणती चीज गाणार?

आता कोणी म्हणेल, की वृंदवादन ही आपली परंपराच नव्हे. हे आपल्या शहरात बसून म्हणणं अवघड आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सवाला सोनेरी महालात आपण बसतो ना, त्याच डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर मधोमध नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक बायका. सगळ्या बायकाच. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकात, नर्तकीभोवती बासऱ्या आहेत, ढोल आहेत, झांजा आहेत. नाट्यशास्त्रात अशा वादकांच्या समूहाला ‘कुतप’ असा शब्दच आहे. एकट्या गायकाची मैफल ही त्या मानानं पुष्कळ अलीकडची गोष्ट. तेव्हा पॅरिसमध्ये शिराली जे करत होते ते या भिंतींच्या जास्त जवळचं होतं. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर अजिंठ्याचं नाव असो वा नसो.

तिमिर बरन बाहेर पडल्यावर पथकाच्या संगीताची धुरा शिरालींकडे आली. अलाउद्दीन खाँसाहेबही काही काळ पथकाबरोबर युरोपात होते आणि धाकटा रवी शंकर तर तिथेच लहानाचा मोठा झाला. पुढे अल्मोड्याचं केंद्र निघालं, १९४४ मध्ये बंदही पडलं. गुरुदत्त तिथलाच विद्यार्थी. मग १९४८ मध्ये ‘कल्पना’. उदय शंकरांचा एकुलता एक चित्रपट, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काढलेला, गीतं सुमित्रानंदन पंतांची, संगीत विष्णुदास शिराली. चालला नाही. त्या वर्षी लोकांना हवी होती ती गाणी वेगळी होती. २०१२ मध्ये प्रत दुरुस्त होऊन तो कान महोत्सवात दाखवला गेला, तोवर शिरालींचं नाव काढणारे किती उरले होते?

त्यानंतर ते फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना संगीत देऊ लागले. इथे आम्हाला थोडी मौज वाटते. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी माहितीपट दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं. म्हणजे आपल्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी शिरालींचं संगीत खुर्ची शोधता शोधता, शेंगा सोलता सोलता ऐकलेलं असणार! मैफलीला नाव असतं, रेकॉर्डवर नाव असतं. नाचामागच्या आणि माहितीपटामागच्या संगीताचं नाव पाटीवर येतं आणि दोन सेकंदांत जातं.

असो. ‘कल्पना’मध्ये यंत्राचा नाच आहे. तो आता पडद्यावर लावतो आहोत. पहिल्यांदा बघताना उदय शंकरांकडेच लक्ष जाईल, ते साहजिक आहे. म्हणून दोनदा लावू. दुसऱ्या वेळी डोळे मिटून घ्या आणि फक्त ढोल कुठे थांबतात ते मोजा.