कांद्याचा भाव आणि पुढाऱ्यांची उत्तरे

मुंबई–आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले गाव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या व्यापारावर वाढले. कांद्याची मोठी बाजारपेठ असलेले लासलगावही याच तालुक्यात आहे. त्यामुळे देशाच्या कांद्याचा भाव बऱ्याच अंशी या दोन आवारांत ठरतो आणि तो पडला की त्याचा जाबही येथूनच विचारला जातो. राजकीय पुढारी पत्रकारांच्या अडचणीच्या प्रश्नांना कसे सामोरे गेले, हे पाहायला या भागाइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. भाव चढला की दिल्लीतले पत्रकार मंत्र्याला महागाईबद्दल विचारतात. भाव पडला की नाशिकचे पत्रकार त्याच मंत्र्याला शेतकऱ्याबद्दल विचारतात. दोघांचे समाधान करणारे उत्तर कुणापाशीच नसते. म्हणून उत्तर टाळण्याच्या जितक्या तऱ्हा मराठी राजकारणाला ठाऊक आहेत, त्या सगळ्या कांद्याच्या निमित्ताने वापरून झाल्या आहेत.

मराठीत पुढाऱ्याला प्रश्न विचारण्याची प्रथा तशी उशिराची. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तेव्हापासून कितीतरी काळ पुढारी हाच संपादक होता. टिळकांना कोणी वार्ताहर गाठून प्रश्न विचारत नसे. प्रतिपक्षाचे पत्र अग्रलेख लिही आणि ‘केसरी’ अग्रलेखाने उत्तर देई. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला ‘मराठा’ याच परंपरेतला. अत्रे प्रश्न विचारत नसत, आरोपपत्र ठेवत. यशवंतराव चव्हाणांसारखा पुढारी त्यांना उत्तर द्यायचे तर सभेत देई, तेही बहुधा नाव न घेता. दिल्लीत पंडित नेहरूंनी नियमित पत्रकार परिषदांचा पायंडा पाडला होता, पण तालुक्यापर्यंत त्याचे वारे पोहोचले नव्हते. चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. लढतच नसल्याने मतदारसंघात प्रश्नांना तोंड देण्याचा प्रसंगही आला नाही.

त्या काळात ‘गांवकरी’सारख्या नाशिकच्या दैनिकांना बाजारगावच्या बातमीदाराकडून मुख्यत्वे बाजारभाव हवे असत: आवक किती, किमान, कमाल आणि सरासरी भाव काय. हे आकडे आतल्या पानावर छापले जात. मंत्र्याचा दौरा असला तर स्वागत, हारतुरे, भाषणाचा गोषवारा आणि उपस्थितांची यादी. त्या यादीतून नाव गळले तर बातमीदाराला जो जाब द्यावा लागे, तो मंत्र्याला कांद्याबद्दल कधी द्यावा लागला नाही.

हे बदलले १९८० मध्ये. शरद जोशी बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून चाकणजवळ शेती करू लागले होते. चाकणच्या कांदा आंदोलनानंतर त्यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात पाय रोवले आणि पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे या भागातले तिचे बिनीचे नेते झाले. उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव या मागण्यांसाठी नोव्हेंबर १९८० मध्ये रस्ते आणि रेल्वे रोखण्यात आल्या. निफाड तालुक्यातल्या खेरवाडी येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मरण पावले. मुंबई–दिल्लीच्या वृत्तपत्रांचे प्रतिनिधी प्रथमच मोठ्या संख्येने या भागात उतरले.

आंदोलनाची चर्चा नेहमी रस्त्यावरच्या गर्दीसाठी होते. पत्रकारितेवर त्याचा झालेला परिणाम त्या मानाने दुर्लक्षित राहिला. जोशींनी पत्रकारांना हिशेब शिकवला. बियाणे, खत, मजुरी, पाणी, वाहतूक, हमाली, तोलाई हे सगळे धरून एक क्विंटल कांदा पिकवायला आणि विकायला किती पडते आणि शेतकऱ्याच्या हातात काय उरते, हे ते कागदावर मांडून दाखवत. त्याआधी बातमीदार मंत्र्याला ‘शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांबद्दल’ विचारी आणि मंत्री सहानुभूती व्यक्त करी. आता तो उत्पादनखर्च विचारू लागला. सहानुभूतीच्या प्रश्नाला सहानुभूतीचे उत्तर पुरते, आकड्याच्या प्रश्नाला पुरत नाही. बाजारभावाचा आतल्या पानावरचा आकडा पहिल्या पानावर आला तो या वाटेने.

मग पुढाऱ्यांनीही आपली तयारी केली. पुढच्या दोन-तीन दशकांत उत्तर देण्याची, खरे तर न देण्याची, एक भाषाच रूढ झाली. ‘माहिती घेऊन सांगतो’, ‘तपासून पाहू’, ‘विषय न्यायप्रविष्ट आहे’, ‘पक्षश्रेष्ठी निर्णय घेतील’, ‘जर-तरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही’ ही वाक्ये मराठी वाचकाला पाठ आहेत. विधिमंडळाच्या अधिवेशनाचाही विधी ठरून गेला: पूर्वसंध्येला सरकारचे चहापान, त्यावर विरोधकांचा बहिष्कार आणि मग दोन्ही बाजूंच्या स्वतंत्र पत्रकार परिषदा. प्रश्न कोणते येणार हे उत्तर देणाऱ्याला आदल्या दिवशीच ठाऊक असते. बहिष्काराची बातमी तर चहा उकळण्याआधीच लिहून तयार असते.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक हुकमी सोय होती. बाजार समित्या राज्याच्या कायद्याखाली, निर्यातीचे धोरण केंद्राकडे. राज्यातला मंत्री ‘निर्यातीचा विषय केंद्राच्या अखत्यारीत आहे’ म्हणे, केंद्रातला ‘बाजार व्यवस्था हा राज्याचा विषय’ म्हणे आणि दोघांनाही खोटे ठरवता येत नसे. शिष्टमंडळ ही याच दुफळीची देणगी. भाव कोसळले की शिष्टमंडळ दिल्लीला जाणार ही पहिली बातमी, मंत्र्यांना निवेदन दिले ही दुसरी आणि सकारात्मक चर्चा झाली ही तिसरी. चौथी बातमी येईपर्यंत शेतकऱ्याने चाळीत साठवलेला कांदा सडून गेलेला असे किंवा मिळेल त्या भावाने विकून झालेला असे.

कांदा सरकारे पाडतो ही म्हण १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या दराचा मुद्दा केला तेव्हापासूनची. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत सुषमा स्वराज यांच्या सरकारचा पराभव झाल्यावर ती पक्की झाली. त्यानंतर कांद्याविषयीच्या प्रश्नाला दिल्लीतला कोणताही मंत्री सहज सामोरा गेलेला नाही. शरद पवार २००४ ते २०१४ केंद्रात कृषिमंत्री होते. दोन्हीकडच्या पत्रकारांच्या कात्रीत सर्वाधिक काळ तेच सापडले. जानेवारी २०१० मध्ये साखरेचे भाव कधी उतरतील असे विचारता आपण ज्योतिषी नाही, असे ते म्हणाले. दिल्लीच्या माध्यमांनी त्यावरून त्यांना झोडपले. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ओरड कशाला, ही त्यांची भूमिका ऊस-कांद्याच्या पट्ट्यात मात्र खपून जाई. एकच उत्तर एका ठिकाणी उर्मट आणि दुसऱ्या ठिकाणी आपलेपणाचे ठरावे, हे पवारांच्या वाट्याला वारंवार आले आणि त्यांनी ते पत्करलेले दिसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कांदा कडाडला तेव्हा केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी सरकार कांदा विकत नाही, व्यापाऱ्यांना विचारा, असे सांगून मोकळे होण्याचा प्रयत्न केला. त्यांचे विधान तर्काला धरून होते, पण राजकारणात ते अंगाशी आले.

वृत्तवाहिन्या आल्यावर उत्तराची लांबी घटली आणि धोका वाढला. छापील बातमीत बातमीदार वाक्य सावरून घेई, कॅमेरा सावरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकारांसमोर मोठ्या शहरांत असे छोटे प्रसंग घडतात अशा अर्थाचे एक हिंदी वाक्य उच्चारले आणि १ डिसेंबरला त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढाऱ्यांनी यातून सावध बोलण्यापेक्षा ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला’ हे म्हणणेच अधिक आत्मसात केले. चित्रफीत उपलब्ध असतानाही हे वाक्य वापरले जाते.

पिंपळगावच्या आवारातही या काळात दृश्य पालटले. लिलावाच्या वेळी कांद्याने भरलेले ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. व्यापारी ट्रॉलीत हात घालून खालचा कांदा वर काढतो, पत्ती आणि आकार बघतो, बोली लागते आणि काही क्षणांत पुढच्या ट्रॉलीकडे वळतो. वर्षाची मेहनत एवढ्या वेळात निकालात निघते. पूर्वी बातमीदार संध्याकाळी समितीच्या कार्यालयातून भाव लिहून घेई. आता मोबाईल घेऊन तो ट्रॉलीपाशीच उभा असतो आणि शेतकऱ्याच्या हातातली विक्रीच्या हिशेबाची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो. पट्टीवर काय लिहिले आहे हे मंत्र्याच्या कार्यालयाला दुपारपर्यंत कळलेले असते. तरीही तालुक्याच्या बातमीदाराचे हात पूर्ण मोकळे नसतात. बाजार समित्या, पतसंस्था, साखर कारखाने यांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या यांवर त्याचे वर्तमानपत्र आणि बरेचदा त्याचे कमिशनही अवलंबून असते. दिल्लीच्या मंत्र्याला तो जितके तिखट विचारू शकतो, तितके शेजारच्या संचालकाला विचारू शकत नाही.

कधी शेतकऱ्यानेच मध्यस्थाशिवाय प्रश्न पाठवला. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवले. बातमी देशभर गेली. मनीऑर्डर परत आली, पैसे ऑनलाइन भरावेत या सूचनेसह. प्रश्न भावाचा होता, उत्तर भरण्याच्या पद्धतीचे मिळाले. ४ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत कांद्यावरच्या चर्चेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आपल्या घरी कांदा-लसूण फारसे खाल्ले जात नसल्याचे सांगितले. त्याच सुमारास केंद्रीय राज्यमंत्री अश्विनीकुमार चौबे यांनी पत्रकारांना आपण कांदा चाखलेलाच नाही, असे ऐकवले. मंत्र्याच्या आहाराचा बाजारभावाशी संबंध काय, हे दोन्ही प्रसंगी विचारायचे राहून गेले.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. तेव्हाचे पालकमंत्री दादा भुसे स्वतः याच जिल्ह्यातल्या मालेगावचे. पत्रकारांनी गाठल्यावर, ज्याला परवडत नसेल त्याने दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काही बिघडत नाही, असे ते म्हणाले. शेतकऱ्याची बाजू घेण्याच्या भरात त्यांनी ग्राहकाला दुखावले आणि शेतकरीही खूश झाला नाही, कारण लोकांनी खाणे सोडले तर भाव आणखी पडणार हे त्याला कळत होते. २२ ऑगस्टला क्विंटलला २,४१० रुपये दराने दोन लाख टन कांदा खरेदीची घोषणा झाली. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तेव्हा जपानमध्ये होते. त्यांनी ती तेथून समाजमाध्यमावर जाहीर केली. अशा घोषणेला उलटप्रश्न करता येत नाही. खरेदी कोणत्या केंद्रावर, कोणत्या प्रतीची आणि कोणाच्या मार्फत, हे पत्रकार नंतर आठवडेभर विचारत राहिले.

डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ती कायमच होती. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाल्याने नाशिक पट्टा खवळला. लगेच २७ एप्रिलला दिल्लीहून पत्रक निघाले की ९९,१५० टन कांदा सहा देशांना पाठवायला मुभा आहे. काही वाहिन्यांनी बंदी उठल्याच्या बातम्याही चालवल्या. हा आकडा आधीच्या वेगवेगळ्या परवानग्यांची बेरीज आहे, हे नाशिकचे व्यापारी आणि बातमीदार यांनी जुनी पत्रके काढून दाखवले. १९८० मध्ये शिकलेला हिशेब येथे कामी आला. बंदी प्रत्यक्षात ४ मे रोजी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

यानंतर ११ दिवसांनी, १५ मे २०२४ रोजी, पिंपळगाव बसवंतमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा झाली. २०१९ च्या प्रचारातही २२ एप्रिलला त्यांनी येथे सभा घेतली होती. त्या निवडणुकीच्या शेवटी, १७ मे रोजी, पक्ष कार्यालयातील पत्रकार परिषदेत ते उपस्थित राहिले, पण प्रश्न अमित शहांकडे वळवले. त्यांची पद्धत सभेची आहे. सभेत पत्रकार आखून दिलेल्या कक्षात बसतात आणि वक्त्यापर्यंत त्यांचा आवाज पोहोचत नाही. पिंपळगावच्या सभेत मात्र भाषण रंगात असताना गर्दीतून एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली. वक्ते थांबले, समर्थकांनी घोषणा सुरू केल्या, पोलिसांनी तरुणाला बाजूला नेले. पुढे भाषणात सरकारने केलेल्या कांद्याच्या साठ्याचा आणि निर्यातीचा उल्लेख आला. पत्रकाराला न मिळालेली संधी श्रोत्याने घेतली, आणि त्या दिवशी बातमीही त्याचीच झाली. शरद पवारांनी त्या तरुणाचे जाहीर कौतुक केले.

२० मे रोजी मतदान झाले. दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. नाशिकची जागाही सत्ताधारी आघाडीने गमावली. जूनमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नाशिक भागात कांद्याने आपल्याला रडवले, अशी जाहीर कबुली दिली. प्रचारात जो प्रश्न विरोधकांचा अपप्रचार म्हणून झटकला जात होता, तो निकालानंतर सत्ताधाऱ्यांनीच पराभवाचे कारण म्हणून सांगितला. विधानसभा निवडणूक नोव्हेंबरमध्ये व्हायची होती. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान निर्यात मूल्य हटवले गेले आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. हे दोन्ही निर्णय अधिसूचनेने जाहीर झाले, आणि श्रेय घेण्यासाठी मात्र पत्रकार परिषदा झाल्या.